शंभर मीटरच्या आत

१२ फेब्रुवारी

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून ती जागा सोडली आहे.

सोबत दोन पानांचा फॉर्म आहे. पहिलं पान मी भरलं आहे. दुसरं तू किंवा काकूंनी भरायचं. तुझ्या बाबांनी ऑक्टोबरमध्ये आमच्या समितीकडे एक नोंद केली होती आणि २० डिसेंबरच्या हल्ल्याची नोंद समितीने त्यांच्या नावे केली. या दोन्हींचं पुढे काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. नोंद करणारी व्यक्ती गेली तर घरच्यांनी नव्वद दिवसांत लेखी संमती द्यायची. नाही दिली तर नोंद पुसायची, असा नियम आहे. तो मीच लिहिला होता. आपल्यावर काय गुदरलं ते लोकांना जगापुढून परत घेता आलं पाहिजे, असं तेव्हा वाटलं होतं. काका ३० जानेवारीला गेले. नव्वद दिवस ३० एप्रिलला पुरे होतात.

नोंद का महत्त्वाची, तेही लिहिते. पोलिसांच्या कागदात ‘खिडकीवर वीट फेकणे, दुखापत’ एवढंच आहे. दुखापत कशी झाली, तर पायऱ्यांवरून पडून. मृत्यू कशाने, तर न्यूमोनियाने. भिंतीवर रंगवलेल्या शब्दाचा उल्लेख ‘विद्रूपीकरण’ असा आहे. हे सगळं ते ज्यू होते म्हणून झालं, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. ते ठिकाण म्हणजे आमचं दप्तर.

तुला समितीचं कधीच कौतुक नव्हतं. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी नऊ माणसं जमतात, शहरात ज्यूंबद्दल, इतरांबद्दल काय बोललं जातं, कुठल्या भिंतीवर काय लिहिलं जातं ते टिपून ठेवतात, त्या अफवा कुठून येतात ते शोधतात आणि मग शाळाशाळांतून त्यावर बोलत हिंडतात. तू आम्हाला ‘द्वेष मोजणी मंडळ’ म्हणायचीस. मी हसायचे. मोजणी खात्यात नोकरी करणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं?

आमच्या नोंदी संकेतस्थळावर दाखवणाऱ्या नकाशातली त्रुटी घटनेनंतर लक्षात आली आणि त्याच दिवशी दुरुस्त केली. चौकशीच्या अहवालात तसं नमूद आहे. खाली सही माझी आहे.

तुझा पत्ता काकूंच्या भावाकडून घेतला. त्यांना बोल लावू नकोस. मी कार्यालयीन काम आहे असं सांगितलं, आणि ते खरंही आहे.

समितीतर्फे,
नकाशा व नोंदी विभाग


३ मार्च

बडबडे,

हे नाव वापरायचा हक्क मला उरला आहे की नाही, माहीत नाही. पण एकोणीस दिवस झाले, तुझा फॉर्म नाही, आणि सरकारी पत्राला तू उत्तर देत नाहीस हे मला शाळेपासून माहीत आहे.

दफनभूमीत मी माती द्यायला पुढे आले तेव्हा तू मान हलवून नको म्हणालीस. मग दोन शब्द बोललीस. ‘तुझा नकाशा.’ त्यानंतर तू बोललेली नाहीस. ते दोन शब्द अपुरे आहेत. अपुरं मला चालत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून पुरं लिहिते.

सप्टेंबरमध्ये तुमच्या रस्त्यावरच्या चौतीसही पत्रपेट्यांत एक कागद पडला. ‘या रस्त्यावर एक घर ज्यूंचं आहे. कुठलं ते शोधा.’ तू तेव्हा कामासाठी बाहेरगावी होतीस. काकांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि फोनखाली ठेवून दिली. मग स्क्रू-ड्रायव्हर आणला, दाराच्या चौकटीवरची ती छोटी प्रार्थनेची डबी काढली आणि दाराच्या आतल्या बाजूला बसवली. बाहेरची दोन भोकं लांबीने बुजवून वरून रंगाचा हात मारला. काम इतकं सफाईदार की मला बोट फिरवून शोधावं लागलं.

मी गेले ती दोन ऑक्टोबरला. नोंद करा, असं मीच म्हणाले.

“कशाची नोंद?” ते म्हणाले. “चौतीस घरांत पडलाय तो कागद. माझ्या एकट्याला आलेलं पत्र आहे का ते?”

“पण तो तुमच्याबद्दल आहे ना काका.”

“तेच म्हणतो मी. मी ओरडलो की कळलंच, कुणाच्या पायावर पाय पडला.”

“तुमचं नाव कुठेही येणार नाही. माझा शब्द आहे.”

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “अगं, ते शब्दाला भुलणारे नव्हेत. आकडा सांग त्यांना, आकडा.”

मी आकडा सांगितला. शंभर मीटर. नकाशावर तुमचा बिंदू खऱ्या जागेवर नसेल. शंभर मीटरच्या आत कुठल्याही दिशेला, कितीही सरकवलेला असेल. तुमचा रस्ता सगळा मिळून दोनशे मीटरचा. कुणाला काय कळणार?

काका बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोटाने माप घेत बसले. मग माझं टोपणनाव घेत म्हणाले, “फूटपट्टीने सांगितलंय म्हटल्यावर झालं.” आणि सही केली. मी त्या घरात एक तास चाळीस मिनिटं होते. त्यांचं मन वळवायला एवढा वेळ लागला.

आता वीट टाकणाऱ्या माणसाबद्दल. वय चौतीस, गोदामात माल उतरवून घेण्याचं काम. पोलिसांनी ग्रंथपालबाईंना आणि मला बोलावून त्याच्याकडे सापडलेला कागद दाखवला. बाई आमच्या समितीच्या अध्यक्ष, म्हणून त्या. नकाशा माझा, म्हणून मी. तुमच्या रस्त्याचा छापलेला आराखडा होता. त्यावर पेन्सिलीच्या एकशे त्रेचाळीस फुल्या. मी मोजल्या.

ते कसं झालं, ते असं. आमच्या नकाशाचं संकेतस्थळावरचं पान जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा बिंदू नव्याने सरकायचा. दरवेळी वेगळी जागा. मला वाटलं होतं, जितकं हलेल तितकं सुरक्षित. पण तो हलायचा एकाच जागेभोवती. पुरेशा वेळा पान उघडलं, प्रत्येक वेळी फुली मारली आणि सगळ्या फुल्यांचा मध्य काढला, की तुमचं दार. सरकवायचं ते एकदाच सरकवून तिथेच गोठवायला हवं होतं. पाऊण तासाचं काम.

त्याने जबाबात सांगितलं, “मी फक्त शोधलं. शोधा म्हणून लिहिलं होतं.” कागद टाकणारा अजून सापडलेला नाही.

त्याच्या फुल्या नीटनेटक्या होत्या. हे मी कुणाला बोलले नाही. माथेफिरू निघाला असता तर सोपं गेलं असतं.

फॉर्म दुसऱ्यांदा जोडला आहे, पहिला हरवला असेल तर.

— नकाशा व नोंदी


२१ मार्च

बडबडे,

गेल्या महिन्यात एका गुरुवारच्या बैठकीत ड्रायव्हरकाकांनी एक प्रश्न विचारला. तू त्यांना पाहिलं आहेस. सदतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, कुणी मध्येच बोललं की हातानेच ब्रेक दाबतात ते.

“चौतीस पेट्यांत कागद पडला ना? मग नकाशावर टिंब एकच कसं?”

“नोंद एकाच घराने केली,” मी म्हणाले.

“आणि अजून दहा घरांनी केली असती तर?”

“तर फुल्या एकमेकांत मिसळल्या असत्या. कुठल्या घराच्या कुठल्या, ते काढता आलं नसतं.”

“म्हणजे तेहतीस घरांनी तो कागद वाचला आणि केराच्या टोपलीत टाकला, म्हणून चौतिसावं सापडलं.” ते टोपी काढून डोकं खाजवत बसले. “मग बाई, नकाशा नाही चुकला. रस्ता चुकला.”

हे वाक्य मी घरी नेलं. दोन दिवस ते फार उबदार होतं. मग तिसऱ्या दिवशी मी तो प्रश्न गणितासारखा मांडला. रस्ता चुकला हे बरोबर. पण रस्ता चुकेल हे धरूनच नकाशा करायचा असतो.

तरी आम्ही दोघं गेलो. तेहतीस दारं, चार शनिवार. प्रत्येक दारी एकच विनंती, की सप्टेंबरचा कागद तुम्हालाही आला होता, एवढी नोंद आता करा.

नऊ नंबरचे गृहस्थ म्हणाले, “आम्हाला कशाला? तो काय आमच्यासाठी होता?” ड्रायव्हरकाका म्हणाले, “तुमच्या पेटीत पडला होता ना? मग कुणासाठी होता?” दार लागलं.

बावीस नंबरच्या बाई शिवणयंत्रावरून उठून आल्या. म्हणाल्या, “मी तर लगेच फाडून टाकला. त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. चांगलंच केलं ना मी?” त्या रडायला लागल्या तेव्हा ड्रायव्हरकाका म्हणाले, “सही करताय ना? मग रडा खुशाल, सही झाल्यावर.” त्यांनी केली.

सव्वीस नंबर काकांचे मोजणीच्या वर्गातले विद्यार्थी, आपल्या पुढच्या तुकडीतले. म्हणाले, “सर ज्यू होते हे मला पेपरात वाचून कळलं. अठरा वर्षं समोर राहतो मी.” आणि मग, “मला का नाही सांगितलं?” मला त्या प्रश्नाचा राग आला. नंतर आठवलं, त्या बुजवलेल्या भोकांवर बोट फिरवणारी मीच होते, आणि मीही ‘हे तुम्हाला का करावं लागतंय’ असं विचारलं नव्हतं. ‘सफाईदार झालंय’ म्हणाले होते.

अकरा सह्या मिळाल्या. बावीस नकार, त्यातले सहा दार न उघडून. आता तुमच्या रस्त्यावर बारा बिंदू आहेत. सगळ्यांचा मध्य काढला तर तो रस्त्याच्या मधोमध येतो, जिथे कुणीही राहत नाही. सप्टेंबरमध्ये हवा होता तो नकाशा मार्चमध्ये तयार झाला.

माझ्या घरचंही सांगते. काका गेल्याचं कळल्यावर आई दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, “देवमाणूस होता गं. त्यांच्यातला असूनसुद्धा किती चांगला.”

त्यांच्यातला असूनसुद्धा. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तू आमच्याकडे अभ्यासाला यायचीस, तू गेलीस की ऐकायचे. माझ्या फॉर्मवर धमकी, मजकूर, मारहाण, नासधूस असे नऊ प्रकार आहेत. आईचं वाक्य त्यातल्या एकातही बसत नाही. इतकी वर्षं मी मूग गिळून बसले. यंदा तिला म्हणाले, “‘असूनसुद्धा’ का?” ती गोंधळून म्हणाली, “मी वाईट काय बोलले?” आमचं बोलणं अजून तिथेच अडलं आहे.

या पत्राला आणखी एक पान होतं. ते पाकिटात घातलं होतं, परत काढून घेतलं.

— फू.


९ एप्रिल

बडबडे,

एकवीस दिवस उरले आहेत. तू संमती दे किंवा देऊ नकोस, पण जे माहीत नाही त्यावर सही करू नये. म्हणून ते पान आज पाठवते.

नकाशातली त्रुटी घटनेनंतर लक्षात आली, हे खोटं आहे.

१५ डिसेंबरला, मंगळवारी, काका माझ्या कार्यालयात आले. आधी फोन केला होता, मी उचलला नव्हता. बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बसले होते. शिपायाने येऊन सांगितलं, “मॅडम, तुमचे सर आलेत. पाणी दिलंय, चहा नको म्हणाले.” आत आले ते आलेखाचा कागद उलगडतच. त्यावर शंभर बिंदू होते. त्यांच्या पद्धतीने, दहा-दहाच्या गटात, वेगवेगळ्या खुणांनी.

“फूटपट्टे,” ते म्हणाले, “तुझा बिंदू एका जागी टिकत नाही.”

“मुद्दामच आहे ते काका. शंभर मीटरच्या आत.”

“ते कळलं. पण दरवेळी नव्याने?”

“हो. म्हणजे जास्त…”

त्यांनी खुर्ची ओढली. “दुसऱ्या वर्षाचा पहिला तास. काय सांगितलं होतं मी? एकदा मोजलं तर?”

उत्तर तुला पाठ आहे. एकदा मोजलं तर अंदाज, दहादा मोजलं तर माप. एकेका मोजणीतल्या चुका परस्पर कटतात आणि खरी जागा उरते. सगळी मोजणी विद्या त्यावर उभी आहे. मी ती शिकले, तीवर पोट भरते, आणि तीच विसरून लपवायला बसले. मोजणी न शिकलेल्या माणसाने बिंदू एकदा सरकवून सोडून दिला असता. हलवत राहायची अक्कल आमच्याच धंद्याची.

त्यांनी पेन्सिलीचं टोक मध्यावर ठेवलं. “हा मध्य. आमच्या दारापासून चार मीटर. काकूच्या कुंड्यांवर नाही, पण पायपुसण्यावर म्हणता येईल.” आणि हसले. खरंच हसले गं. विद्यार्थ्याची चूक सापडली की त्यांना आधी आनंदच व्हायचा.

मला सगळं समजलं होतं. एका वाक्यात. तरी मी म्हणाले, “एवढं गणित कोण करत बसणार काका?”

“मी बसलो की.”

“तुम्ही सर आहात.”

“अगं, शोधणाऱ्याला वेळच वेळ असतो.”

पुढच्या बुधवारी, २३ तारखेला, नगरपरिषदेपुढे नकाशाचं सादरीकरण होतं. दोनशे बारा नोंदी तपासून मी ती प्रत कुलूपबंद केली होती. एक बिंदू हलवायचा तर सगळ्या पुन्हा तपासायच्या, पुन्हा दोघांच्या सह्या. शिवाय बैठकीत मीच छाती ठोकून सांगितलं होतं, की यात आता चूक निघणार नाही. तात्पुरतं पान बंद ठेवता आलं असतं. बंद का, असं बाईंनी विचारलं असतं. मला ते सांगायचं नव्हतं. बाकी काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं.

मी म्हणाले, “बुधवार होऊ दे काका, मग लगेच करते.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “बरं. तुझं सादरीकरण होऊ दे.” ही परवानगी त्यांनी दिली हे खरं आहे. मी साडेतीन महिने तिच्याआड बसले आहे. पण ती त्यांनी नकाशा बघून दिली नव्हती, माझा चेहरा बघून दिली होती.

मंगळवार ते रविवार, पाच दिवस. रविवारी चार वाजून पन्नास मिनिटांनी वीट आली. काका कोण आहे ते बघायला बाहेर धावले आणि पायरीवरच्या काचेवरून घसरले. सहा वाजता काकूंचा फोन आला. सात वाजेपर्यंत मी बिंदू गोठवले. चाळीस मिनिटं लागली. कुणीही पुन्हा तपासा म्हणालं नाही.

दवाखान्यात मी नऊ वेळा गेले. सहाव्या वेळी तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“बडबडीला ते सांगू नकोस.”

“काका, मास्क लावा.”

“ऐक. ती तुला सोडणार नाही. आणि तुला दुसरं आहे कोण?”

मी मास्क लावला. तेवढ्यात तू आलीस आणि काय बोलत होतात विचारलंस. मी म्हणाले, पाणी मागत होते.

इतक्या वर्षांत सरांनी मला सांगितलेली एवढी एकच गोष्ट मी मोडते आहे. आलेखाचा कागद ते टेबलावर विसरले होते, की ठेवून गेले होते, कुणास ठाऊक. त्याची छायाप्रत सोबत आहे. मूळ कागद येत्या गुरुवारी समितीपुढे ठेवणार आहे. नंतर तो तुझा.

क्षमा मागत नाही. तो रकाना या फॉर्मवर नाही, आणि असता तरी तो मी भरायचा नाही.

— फूटपट्टी


१७ एप्रिल

बडबडे,

समितीला सांगितलं. वाचून दाखवलं, म्हणजे वाक्यं बदलली जाणार नाहीत.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. “आणि चौकशीत काय सही केलीस तू?”

“खोटी.”

“माझ्या सहीशेजारी.”

“हो.”

“उद्या तो कागद टाकणारा छापेल, की बघा, हे लोक खोटं लिहितात. दोनशे बारा माणसांनी तुझ्यावर भरवसा ठेवून आपल्या घरातलं सांगितलंय. त्यांचं काय करू मी? सांग ना, तू हुशार आहेस.”

अहवाल दुरुस्त करून पोलिसांना आणि परिषदेला पाठवायचं ठरलं. दोनशे बारा घरांनाही पत्रं जातील, मजकूर मी लिहायचा, सही माझी एकटीची. नकाशा माझ्याकडून काढून घेतला. समितीतल्या औषधदुकानवाल्या ताई तो शिकणार आहेत, आणि त्यांना येईपर्यंत मी शेजारी बसायचं, हात न लावता.

ड्रायव्हरकाका जिन्यात भेटले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते कठडा धरून उभे राहिले आणि म्हणाले, “मी चार शनिवार लोकांना सांगत हिंडलो, की तुम्ही तोंड उघडलं नाही.” मग एकेक पायरी उतरत गेले. त्यांचे गुडघे दुखतात. एरवी मी हात द्यायचे.

दुरुस्त अहवाल सोबत आहे. फॉर्मची मुदत तीच.

— फूटपट्टी


२९ एप्रिल

बडबडे,

आज टपालात तुझा फॉर्म आला. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. आत दुसरं काही नाही. मी पाकीट उलटं करून पाहिलं.

नोंद ठेवावी का: होय.

जागा कशी दाखवावी: ‘सरकवून’ हा पर्याय तू खोडलास. समोर घराचा नंबर, आणि बाबांचं नाव, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. तुझी घाई मला माहीत आहे, वेलांट्या पळतात तुझ्या. इथे एकही पळालेली नाही.

घटना कशामुळे घडली: तू लिहिलंस, ‘एकाने शोधा म्हणून लिहिलं. एकाने शोधलं. तेहतीस घरं गप्प बसली. बाबांनी पाच दिवस आधी सांगितलं होतं. जिला सांगितलं तिला कळलं होतं, तरी ती थांबली.’

दुपारी ताई आणि मी नोंद चढवायला बसलो. त्या टंकत होत्या, मी मांडीवर हात ठेवून शेजारी. शेवटच्या वाक्यापाशी त्यांची बोटं थांबली.

“हे असंच घालायचं?”

“असंच. नोंद करणाऱ्याचे शब्द बदलायचे नसतात.”

“‘जिला’ म्हणजे कोण, असं लोक विचारतील हो.”

“तिने नाव घातलेलं नाही.”

ते तू का घातलं नाहीस, यावर मी दिवसभर विचार केला आहे. दया असेल. किंवा ते नाव बाबांच्या नावाच्या ओळीत नको असेल. दोन्ही शक्यता मांडून पाहिल्या, एकही दुसरीहून जड भरत नाही. एकाच मापावर काही ठरवता येत नाही.

मी कपाटातून कोरा फॉर्म घेतला. नियमाने कुणाचंही नाव दाखवायचं तर त्या व्यक्तीची संमती लागते. ती दिली. ताईंनी ‘जिला’ या शब्दाला तळटीप जोडली आणि तिथे माझं नाव आलं, माझ्या वडिलांच्या नावासकट. त्यांनी खात्रीसाठी विचारलं, “नक्की ना?” मी स्पेलिंग तपासून सांगितलं, बरोबर आहे.

मग बिंदू बसवला. ताईंना दाराची बरोबर जागा सापडेना, म्हणून नकाशा काढून घेतल्यापासून पहिल्यांदाच हात लावला. चौकटीची डावी बाजू, पायरीच्या वर. आता पान कितीही वेळा उघडलं तरी तो तिथेच आहे. घर रिकामं आहे. बावीस नंबरच्या बाई पायऱ्या झाडून काढतात, असं कळलं.

एवढं तुला सांगायचं होतं. काकूंचे गुडघे, तुझी नवी नोकरी, तू तिथे कुणाशी बोलतेस, हेही विचारायचं होतं. पाच पत्रांत विचारलं नाही. आधी नोंद होऊ दे, असं म्हणत राहिले.

फॉर्मवर शेवटचा एक प्रश्न असतो. या प्रकरणी आपल्याशी पुन्हा संपर्क साधावा का? बरेच लोक तो कोराच ठेवतात. तू ‘नाही’ पुढे खूण केली आहेस. आम्ही ती पाळतो. या समितीत पहिल्या दिवसापासून आजवर एकदाही ती मोडलेली नाही.

हे पत्र टाकणार नाही.